शाहजोग हुंडी आणि ‘सुरक्षा सूचना’

जुन्या व्यापारात शाहजोग हुंडीला विशेष मान होता. ती घेऊन येणाऱ्या कोणालाही रक्कम मिळत नसे. बाजारात पत असलेल्या ‘शाहा’लाच ती देता येई. आणणारा तसा आहे की नाही, याची चौकशी करण्याची जबाबदारी रक्कम देणाऱ्या पेढीवर असे. ही चौकशी हुंडी आणणाऱ्याकडे नव्हे, बाजारात केली जाई. माधवनगर-सांगलीच्या ज्या घरांचा हळदीचा, बेदाण्याचा वा कापडाचा व्यवहार आज ई-मेलवर चालतो, तेथे हीच सवय पुन्हा अंगी बाणवण्याची वेळ आली आहे.

सकाळी पेढी उघडताच संदेश दिसतो : ‘आपल्या खात्यात अनोळखी ठिकाणाहून शिरण्याचा प्रयत्न झाला आहे. चोवीस तासांत पासवर्ड बदला, अन्यथा खाते बंद होईल.’ खाली ओळखीचे बोधचिन्ह आणि एक निळी कळ. चोर येथे पहारेकऱ्याचा वेश घेऊन येतो. म्हणूनच निष्काळजी माणसाइतकाच, कदाचित त्याहून अधिक, सुरक्षेची काळजी करणारा माणूस त्याच्या जाळ्यात सापडतो.

अमेरिकेत हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारमोहिमेचे अध्यक्ष जॉन पोडेस्टा यांना १९ मार्च २०१६ रोजी गूगलच्या नावाने असाच इशारा आला. त्यांच्या कार्यालयाने संगणक-मदतनीसाचा सल्लाही घेतला. ‘हा ई-मेल खरा आहे’ असे त्याने लिहिले. ‘खरा नाही’ असे लिहायचे होते, असा खुलासा त्याने पुढे केला. विशेष म्हणजे त्याच उत्तरात त्याने गूगलचा खरा पत्ता दिला होता. तरीही दाबली गेली ती आलेल्या ई-मेलमधलीच कळ. त्या कळीमागचा पत्ता ‘मायअकाउंट डॉट गूगल डॉट कॉम’ अशा अक्षरांनी सुरू होत होता. परंतु त्याला पुढे एक शेपूट जोडले होते आणि शेवट ‘डॉट टीके’ असा होता. त्या ऑक्टोबरात विकिलीक्सने त्यांचा हजारो पत्रांचा संग्रह जगापुढे मांडण्यास आरंभ केला.

संकेतस्थळाचा पत्ता पहिल्या तिरप्या रेघेपर्यंत घ्यावा आणि उजवीकडून वाचावा. मालकाचे नाव त्या टोकाला असते. बँकांच्या बाबतीत आता एक चांगली खूण आहे. आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘बँक डॉट इन’ या पत्त्यावर न्यावीत, असा आदेश रिझर्व्ह बँकेने दिला. तथापि पत्ता वाचण्यात डोळा चुकू शकतो. त्यापेक्षा संदेशातील कळ न दाबता, पत्ता स्वतः टाइप करून खाते उघडावे. इशारा खरा असेल तर तो बहुधा तेथेही दिसेल. संदेशात छापलेल्या दूरध्वनीवर चौकशी करणे म्हणजे हुंडी आणणाऱ्यालाच त्याची पत विचारणे होय.

पासवर्ड हाती लागलेला चोर लगेच गडबड करतो असे नाही. तो मुकाट्याने पत्रव्यवहार वाचतो, येणाऱ्या पत्रांची प्रत आपल्याकडे वळवतो आणि मोठे बिल निघाले की त्यावरील बँक खात्याचा क्रमांक बदलून ते ग्राहकाला पाठवतो. रक्कम जाते ग्राहकाची आणि नाव खराब होते पेढीचे. म्हणून खाते क्रमांक बदलल्याचे पत्र आले की जुन्या, माहीत असलेल्या क्रमांकावर फोन केल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये.

फसवणूक झालीच, तर घरातील वडीलधारे बहुधा ‘चार लोकांत शोभा नको’ म्हणून गप्प बसतात. हे मौन महागात पडते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने पासवर्ड वा ओटीपी स्वतः दिल्याने झालेले नुकसान, बँकेला कळवेपर्यंत, ग्राहकाच्या माथी ठेवले. कळवल्यानंतरचे नुकसान बँकेवर टाकले. सहकारी बँकांसाठी असेच परिपत्रक त्याच वर्षी डिसेंबरात निघाले. रक्कम गेली असल्यास बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकाला तत्काळ फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यांत पसरण्याआधी ती गोठवता येणे यावरच बरेच अवलंबून असते. लेखी तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंदवता येते. तोतयेगिरी करून संगणकाद्वारे फसवणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड नुसार तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

बनावट ई-मेल रागाने पुसून टाकू नये. तो पुरावा आहे. जीमेलमध्ये संदेशाच्या कोपऱ्यातील तीन ठिपक्यांत ‘फिशिंगची तक्रार’ करण्याची सोय आहे. पासवर्ड दिला गेला असेल तर दुसऱ्या, निर्धोक यंत्रावरून तो बदलावा, सर्व ठिकाणचे प्रवेश बंद करावेत आणि पत्रे परस्पर कोठे वळवली जात नाहीत ना, हे सेटिंग्जमध्ये पाहावे. ही शेवटची तपासणी अनेकदा राहून जाते, आणि पासवर्ड बदलल्यानंतरही पेढीची पत्रे परक्या हाती पडत राहतात.