मॉटली, कॉन्स्टन्स बेकर

(१४ सप्टेंबर १९२१ – २८ सप्टेंबर २००५). अमेरिकेतील नागरी हक्कांच्या लढ्यातील अग्रगण्य विधिज्ञ व संघीय न्यायालयातील पहिली कृष्णवर्णीय स्त्री न्यायाधीश. जन्म कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन येथे. तिचे आईवडील वेस्ट इंडीजमधील नेव्हिस बेटावरून येऊन तेथे स्थायिक झाले होते. वडील येल विद्यापीठातील विद्यार्थि-मंडळांकडे आचारी होते. पैशाअभावी तिचे पुढील शिक्षण खुंटले होते. तथापि एका सभेतील तिचे भाषण ऐकून क्लॅरन्स ब्लेकस्ली या दानशूर गृहस्थाने तिच्या शिक्षणाचा खर्च उचलला. न्यूयॉर्क विद्यापीठाची पदवी (१९४३) व कोलंबिया विद्यापीठाची कायद्याची पदवी (१९४६) तिने मिळविली. १९४६ मध्ये जोएल मॉटली याच्याशी तिचा विवाह झाला.

विद्यार्थिदशेतच १९४५ मध्ये ती थरगुड मार्शल याच्या नेतृत्वाखालील ‘लीगल डिफेन्स फंड’ या संस्थेत दाखल झाली. ‘ब्राउन विरुद्ध शिक्षण मंडळ’ या खटल्याच्या मूळ दाव्याचा मसुदा तिने तयार केला. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरविले. हा निर्णय प्रत्यक्षात आणण्यासाठी मात्र प्रत्येक राज्यात स्वतंत्र दावे लढवावे लागले. दक्षिणेकडील हॉटेले कृष्णवर्णीयांना बंद असल्याने ती स्थानिक कृष्णवर्णीय कुटुंबांकडे उतरत असे. जेम्स मेरेडिथ यास मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश मिळवून देणारा दावा तिनेच चालविला. त्या प्रवेशाच्या वेळी (१९६२) दंगल उसळून संघीय सैन्य पाठवावे लागले. बर्मिंगहॅम येथे निदर्शनांत भाग घेतल्याबद्दल शाळांतून काढलेल्या हजारावर विद्यार्थ्यांना तिने १९६३ मध्ये परत प्रवेश मिळवून दिला. सर्वोच्च न्यायालयापुढे तिने चालविलेल्या दहा खटल्यांपैकी नऊ तिने जिंकले. दहावा, ज्यूरीतून कृष्णवर्णीयांना वगळण्याविषयीचा ‘स्वेन विरुद्ध ॲलाबामा’ हा खटला ती १९६५ मध्ये हरली. परंतु त्यातील पुराव्याविषयीचा दंडक त्याच न्यायालयाने १९८६ मध्ये रद्द केला.

न्यूयॉर्क राज्याच्या सीनेटवर निवडून आलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री (१९६४) व मॅनहॅटन विभागाची पहिली स्त्री अध्यक्ष (१९६५) हे मानही तिला लाभले. १९६६ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन याने न्यूयॉर्कच्या दक्षिण जिल्ह्याच्या संघीय न्यायालयावर तिची नियुक्ती केली. मिसिसिपीचा सीनेटर जेम्स ईस्टलंड याने तीस अनेक महिने अडथळा आणला. पुढे १९८२ ते १९८६ या काळात ती त्या न्यायालयाची मुख्य न्यायाधीश होती.

१९७५ मध्ये स्त्रियांबाबतच्या भेदभावाच्या एका दाव्यात, ती कृष्णवर्णीय स्त्री व नागरी हक्कांची वकील असल्याने तिने खटल्यातून दूर व्हावे, अशी मागणी प्रतिवादी पक्षाने केली. न्यायाधीशाचा वर्ण, लिंग वा पूर्वायुष्य एवढेच कारण पुरेसे मानल्यास त्या न्यायालयातील एकाही न्यायाधीशास तो खटला चालविता येणार नाही, असे सांगून तिने ती मागणी फेटाळली. श्वेतवर्णीय पुरुषासही वर्ण व लिंग असतेच, हे त्यात गृहीत होते. न्यायाधीशाच्या निःपक्षपातीपणाविषयीच्या नंतरच्या अशाच वादांत या निर्णयाचा आधार घेतला गेला. बेसबॉलच्या स्त्री वार्ताहरांना पुरुष वार्ताहरांप्रमाणेच खेळाडूंच्या कक्षात प्रवेश देण्याविषयीचा तिचा निकालही (१९७८) गाजला.

ईक्वल जस्टिस अंडर लॉ (१९९८) हे तिचे आत्मचरित्र. न्यूयॉर्क येथे तिचे निधन झाले.