करडें येथील काळूराम सावकार व खेड्यांतील सत्ता

दक्षिणेंतील खेड्यांच्या इतिहासासाठीं सनदा, महजर व वतनपत्रें यांचा संग्रह संशोधकांनीं मोठ्या आस्थेनें केला आहे. त्या मानानें वाण्याच्या दुकानांतील वह्या व खतें यांकडे फारसें लक्ष गेलें नाहीं. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत गांवची सत्ता कोणाच्या हातीं होती, हें या दुसऱ्या प्रकारच्या कागदांवांचून कळणें कठीण आहे. पुणें जिल्ह्यांत शिरूर तालुक्यांतील करडें येथील प्रकरणावरून ही गोष्ट स्पष्ट होते.

इ. स. १८७४ च्या अखेरीस करडें येथील मारवाडी सावकार काळूराम यानें तेथील बाबासाहेब देशमुख यांजवर सुमारें १५० रुपयांचा हुकुमनामा मिळविला, व त्याच्या बजावणींत देशमुखांचें घर पाडविलें. रक्कम लहान होती; अपमान मोठा होता. देशमुख घराणें प्रतिष्ठित व मोठ्या गोतावळ्याचें. गांवानें त्यांचा पक्ष घेऊन सावकारांवर बहिष्कार घातला. दंग्यांची चौकशी करण्याकरितां सरकारनें नेमलेल्या कमिशननें आपल्या रिपोर्टांत ही हकीकत नमूद केली आहे.

वतनदाराचें घर पाडण्याचें सामर्थ्य एका दुकानदाराच्या अंगीं कोठून आलें? पेशवाईंत सावकाराचें येणें वसूल होई तें तगादा, धरणें आणि पाटील व पंच यांची मध्यस्थी यांच्या बळावर. गांवची मर्जी राखल्यावांचून त्याचा निभाव लागत नसे. इंग्रजी अमलांत दिवाणी कोर्टें आलीं, आणि पंचांच्या शब्दापेक्षां लेख श्रेष्ठ ठरला. इ. स. १८२७ मध्यें व्याजास घातलेली शेंकडा १२ ची मर्यादा इ. स. १८५५ सालीं उठली. पुढें इ. स. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या खतावरील दाव्यास ३ वर्षांची मुदत ठरली. यांत ऋणकोचें हित व्हावें असा हेतु होता. घडलें तें उलट. मुदत संपण्यापूर्वीं व्याज मुदलांत मिळवून सावकार नवें खत लिहून घेऊं लागला. दरमहा शेंकडा २ रुपये दरानें १०० रुपयांचे ३ वर्षांत १७२ होतात. त्याच रकमेचें खत फिरविलें म्हणजे ६ वर्षांअखेर जवळजवळ २९६ होतात. अमेरिकेंतील इ. स. १८६१ ते १८६५ च्या युद्धामुळें कापसास भाव आला, तेव्हां कर्ज सहज मिळे. भाव उतरले व कित्येक तालुक्यांत फेरपाहणीनें साराही वाढला, तेव्हां हीं खतें कुणब्यास बाधूं लागलीं.

यावरून सावकार हा केवळ पिळणारा होता असें मात्र समजूं नये. बियाणें, मीठ, कापड त्याच्याच दुकानांतून येई. साऱ्याचा हप्ताही पुष्कळदां तोच भरी. म्हणूनच त्याच्याशीं व्यवहार तोडणें गांवासही सोपें नव्हतें, आणि गांवानें तसें केलें तें एकजुटीनें केलें. इंदापूर तालुक्यांतील कळस येथील लोकांनीं याकरितां लेखी करारच केला होता. जो कोणी गुजरांची शेती करील अथवा त्यांची चाकरी पत्करील, त्यास न्हावी, परीट, सुतार, लोहार, चांभार इत्यादि बलुत्यांनीं काम देऊं नये, असा त्याचा आशय होता. कोर्टाच्या कागदास गांवानें आपल्या कागदानें दिलेलें हें उत्तर होय.

ता. १२ मे १८७५ रोजीं भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें बाजारच्या दिवशीं दंगा झाला. दुकानें लुटलीं व कागद जाळले. तेथून हें लोण पुणें व अहमदनगर या जिल्ह्यांत पसरलें. बहुतेक ठिकाणीं जमावाची मागणी खतें व हुकुमनामे यांचीच असे. ते सुखानें हातीं आले म्हणजे सावकाराच्या जिवास सहसा धक्का लागत नसे. सत्तेचें मूळ कोठें आहे हें कुणब्यानें अचूक ओळखलें होतें.

या आगींतून वांचलेले कागद आज संग्राहकांच्या हातीं येतात. ते वाचतांना पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. खतांत ‘रोख घेतले’ असें असलें तरी तेवढी रक्कम खरोखर दिली गेली असें धरूं नये. मागील खत व त्याच्या फेडीची नोंद शोधावी. गुजराती वाण्यांच्या वहींतील संवत् कार्तिकांत बदलतो, मराठी खतांतील शक चैत्रांत; सन ठरवितांना हा भेद विसरूं नये. इ. स. १८७९ च्या शेतकी कायद्यानंतर पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांत शेतकऱ्याचें खत गांवच्या रजिस्ट्रारसमोर होऊं लागलें. ती साक्ष कालनिर्णयास उपयोगी पडते.

स्टँपाच्या मथळ्यासाठीं खत कापणें, किंवा चांगलीं चार पानें काढून घेऊन वही रद्दींत घालणें, ही चाल मात्र घातक आहे. रोजमेळांतील रक्कम खतावणींत व तेथून खतांत कशी गेली, हें दप्तर एकत्र राहिलें तरच दिसतें. देशमुखाची सनद त्याचा मान सांगते. त्याचें घर कां पडलें, हें वाण्याची वहीच सांगूं शकेल.