बोटीचे भाडे आणि वरखर्च

कामगार चळवळीत उमेद घालवलेल्या माणसाने ह्या व्यासपीठावर उभे राहून सागरी सहलींविषयी बोलावे, ह्याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. महागाई भत्ता, कंत्राटी कामगार किंवा नवे कामगार कायदे असा काही विषय माझ्याकडून अपेक्षित असावा. पण गेल्या काही वर्षांत आपल्याकडील मंडळी ह्या क्रूझ म्हणतात त्या बोटींवर जाऊ लागली आहेत. कुणी निवृत्तीची रक्कम हाती आल्यावर सहल-कंपनीबरोबर सिंगापूरहून तीन-चार रात्रींची फेरी करतात. कुणाची मुले अमेरिकेत असतात, ती भेटीला आलेल्या आईवडिलांना मायामीहून कॅरिबियन समुद्रात आठवडाभर हिंडवून आणतात. अलीकडे तर मुंबईहूनही अशा सफरी निघू लागल्या. आणि परत आल्यावर पुष्कळांच्या तोंडी एकच तक्रार असते, की तिकीट स्वस्त होते, पण शेवटच्या दिवशी बिल पाहून डोळे पांढरे झाले. आता बिल वाचणे हे आमच्या धंद्यातले काम आहे. पगारपत्रक वाचण्यातच आमची हयात जाते. पगारपत्रकात मूळ वेतन बेताचे आणि बाकी सगळे भत्ते व कपाती असतात. ह्या तिकिटाची रचना जवळजवळ तशीच आहे.

आमच्या वडिलांच्या पिढीला बोट ठाऊक होती ती कोकणची. ट्रंक, वळकटी आणि फडक्यात बांधलेली भाकरी घेऊन माणसे डेकवर जागा धरीत, आणि बंदर उथळ असले की होडीत उतरून किनारा गाठीत. त्या तिकिटाचा अर्थ एकच होता : ह्या बंदरातून त्या बंदराला नेऊन सोडणे. क्रूझवर मनुष्य जिथे चढतो तिथेच बहुधा परत उतरतो. म्हणजे हे भाडे प्रवासाचे नव्हेच, मुक्कामाचे आहे. ते तरंगत्या हॉटेलाचे भाडे आहे, आणि ह्या हॉटेलातून रात्री बाहेर पडून कोपऱ्यावरच्या दुकानात पाण्याची बाटली घ्यावी म्हटले, तर बाहेर समुद्र आहे. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली की पुढचा सारा हिशेब उलगडतो.

भाड्यात काय मिळते ते आधी प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, कारण ते थोडे नाही. निजायची खोली, तिची रोजची झाडलोट, मोठ्या भोजनगृहातले आणि बुफेतले जेवण, साधे पाणी, चहा-कॉफी, रात्रीचे नाचगाणे, पोहण्याचे तलाव, व्यायामशाळा, मुलांना सांभाळणारा क्लब, आणि जिथे बोट धक्क्याला लागत नाही तिथे किनाऱ्यापर्यंत नेणारी होडी, हे बहुतेक कंपन्यांत तिकिटातच असते. जो मनुष्य एवढ्यावरच समाधान मानील त्याचा आठवडा स्वस्तात आणि सुखात जातो. अशी माणसे मी पाहिली आहेत. पण ती फार थोडी.

इतक्या पैशांत कंपनीला हे परवडते कसे? बोट अर्धी भरली काय आणि पूर्ण भरली काय, इंधन आणि नोकरवर्ग ह्यांचा खर्च फारसा बदलत नाही. रिकामी राहिलेली खोली म्हणजे निव्वळ बूड. म्हणून भाडे हवे तितके खाली आणून खोल्या भरायच्या आणि कमाई बोटीवर करायची, असे ह्या धंद्याचे गणित आहे. कार्निव्हल ह्या सर्वांत मोठ्या कंपनीचे २०२४ सालचे उत्पन्न सुमारे २५ अब्ज डॉलर होते. त्यांतला साधारण तिसरा हिस्सा तिकिटांचा नसून बोटीवरील आणि इतर विक्रीचा होता. तेव्हा वरखर्च हा काही कुणाचा लबाड कारकून मागाहून चिकटवीत नाही. धंद्याच्या पायातच तो बांधलेला आहे.

जाहिरातीतला दरही नीट वाचावा. तो माणशी असतो आणि एका खोलीत दोघे धरून असतो. एकट्या माणसाला, बहुधा एखाद्या वयस्क बाईंना, जवळजवळ दुप्पट भरावे लागते. बंदराचा आकार आणि कर हे पूर्वी अमेरिकेतील जाहिरातींत मागाहून जोडले जात. १ जुलै २०२४ पासून कॅलिफोर्निया राज्याच्या कायद्याने असे सक्तीचे आकार पहिल्याच किमतीत दाखवणे भाग पाडले, आणि मोठ्या कंपन्यांनी त्या सुमारास साऱ्या अमेरिकेतच ती पद्धत स्वीकारली. आपल्याकडेही नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने किंमत थेंबाथेंबाने वाढवत नेण्याच्या युक्तीला अनुचित प्रथांच्या यादीत घातले आहे.

आता बोटीवरचे बिल. चढताना एक कार्ड हातात मिळते. तेच खोलीची किल्ली आणि तेच पैशांचे पाकीट. दिवसभरात नोट म्हणून हातून जात नाही, त्यामुळे गेलेली कळतही नाही. पहिला मोठा आकडा पेयांचा असतो. मद्य आणि बहुतेक बोटींवर बाटलीबंद शीतपेयेही निराळी. त्यांचा आठवड्याचा ठोक करार विकला जातो, आणि अमेरिकेच्या काही मोठ्या कंपन्यांत नियम असा, की मद्याचा करार घ्यायचा तर एका खोलीतील सर्व प्रौढांनी घ्यावा. समजा रोजचे माणशी ७० डॉलर आहेत. नवराबायकोचे सात दिवसांचे ९८० झाले. वर १८ टक्के सेवा-आकार, म्हणजे ११५६. बायको ताकापलीकडे काही पीत नसली तरी तिचे निम्मे पैसे गेलेच.

इंटरनेट दिवसाच्या हिशेबाने, कित्येकदा प्रत्येक यंत्रामागे वेगळे. ह्याहून फसवा आहे तो आपल्या खिशातला फोन. भर समुद्रात तो बोटीच्या मनोऱ्याला आपणहून जोडला जातो आणि त्याचे दर जमिनीवरच्या रोमिंगपेक्षा कितीतरी चढे असतात. म्हणून धक्का सोडताना फोन विमान-अवस्थेत टाकावा. डॉक्टर बोटीवर असतो, पण तो तिकिटात नसतो, आणि समुद्रातून हेलिकॉप्टरने रुग्णालयात न्यावे लागले तर संसार विकायची वेळ येते. विमा घेतल्याशिवाय साठीच्या पुढच्या माणसाने पायरी चढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जुगाराचा अड्डा आणि करमुक्त दुकाने बंदरात बहुधा बंद राहतात व बोट खोल पाण्यात गेली की उघडतात, कारण किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत त्या त्या देशाचा अंमल चालतो. तिथे काय जाते त्याला मी वरखर्च म्हणत नाही. ती ज्याची त्याची हौस.

किनाऱ्यावरच्या सहली बोटीकडून घ्याव्यात की स्वतः रिक्षा-टॅक्सी ठरवावी, हे मला नेहमी विचारतात. बोटीची सहल महाग पडते. मात्र तिची गाडी वाटेत अडकली तर बोट आपल्या उतारूंसाठी थांबते किंवा त्यांची पुढची सोय करते; आपण आपले गेलो आणि उशीर झाला तर पुढच्या बंदरापर्यंतचे विमानभाडे आपल्या पदरचे. बंदराजवळ पायी हिंडण्याजोगे शहर असेल तर सहल घेऊ नये. चार तास दूरचे अवशेष पाहायचे असतील तर घ्यावी.

आता ज्यासाठी मी हा विषय निवडला त्या ओळीकडे येतो. बिलात तिला बक्षिसी म्हटलेले असते. अमेरिकेच्या मोठ्या बोटींवर अलीकडच्या वर्षांत ती माणशी दररोज १६ ते २० डॉलर आहे आणि ती आपोआप लागते. आईवडील, मुलगा आणि सून, अशा चौघांचे १८ डॉलरने सात दिवसांचे ५०४ डॉलर होतात. अनेक बोटींवर काउंटरवर जाऊन ती कमी करता येते वा काढूनही टाकता येते, आणि "आम्ही सरळ काढून टाकली" असे फुशारकीने सांगणारे लोक मला भेटले आहेत. दारूचे, इंटरनेटचे पैसे परत मिळत नाहीत. तेव्हा राग निघतो तो ह्या एका ओळीवर.

पण ही ओळ कोणाची आहे? खोली आवरणाऱ्याची, वाढप्याची, त्याच्या हाताखालच्या पोऱ्याची, आणि कित्येक कंपन्यांत जो कधी दिसतच नाही त्या धोबीखान्यातल्या माणसाचीही. ह्या लोकांची कमाई बऱ्याच अंशी ह्या रकमेतूनच होते. त्यांत आपली माणसे थोडी नाहीत. गोव्याच्या गावागावांतून बोटीवर जाण्याची परंपरा इंग्रजी आगबोटींपासूनची आहे. मुंबईत धोबी तलावाच्या बाजूला गोव्याच्या गावांचे जे कूड उभे राहिले, तिथे हे खलाशी आणि खानसामे दोन बोटींच्या मधले दिवस काढीत. आजही सहा ते नऊ महिन्यांच्या करारावर मुलगे जातात आणि ह्या काळात पूर्ण सुट्टीचा दिवस क्वचितच मिळतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २००६ साली केलेला सागरी श्रम करार २०१३ पासून अमलात आला आणि २०१५ साली भारतानेही तो स्वीकारला. त्या कराराप्रमाणे देशाने दोहोंपैकी एक माप निवडायचे : आठवड्यात जास्तीत जास्त ७२ तास काम, किंवा कमीत कमी ७७ तास विश्रांती. दुसरे माप निवडले तर १६८ तासांतून ७७ वजा जाऊन ९१ तासांचे काम कायदेशीर ठरते! कुशल खलाशाच्या मूळ वेतनाचा आंतरराष्ट्रीय तळ १ जानेवारी २०२५ पासून महिना ६७३ डॉलर होता. चौघांच्या आठवड्याच्या बक्षिसीशी हा आकडा ताडून पाहावा.

मालक मायामीत बसतो, बोटीवर झेंडा बहामाचा किंवा पनामाचा. रॉयल कॅरिबियन ही कंपनी तर स्वतः कागदोपत्री लायबेरियाची आहे. अशा सोयीच्या झेंड्यांविरुद्ध आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाने १९४८ सालीच मोहीम उघडली होती. तिने पुष्कळ बोटींवर करार घडवून आणले, पण झेंडे काही उतरले नाहीत.

माझे म्हणणे असे, की जी खुशीने द्यायची ती बक्षिसी. जी न विचारता लागते आणि जिच्यावर माणसाचे घर चालते ती मजुरी. मजुरीला बक्षिसी म्हटल्याने कंपनीला दोन लाभ होतात : जाहिरातीतले भाडे खाली दिसते, आणि उतारूने ती कापली तर कंपनीच्या नफ्याला धक्का लागत नाही. आपल्याकडील उपाहारगृहांत आपोआप सेवा-आकार लावू नये, असे ग्राहक प्राधिकरणाने २०२२ च्या जुलैत सांगितले आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. ग्राहक म्हणून मला हे पटते. पण हॉटेल कामगारांत वावरणारा म्हणून एक प्रश्न उरतोच. एका हॉटेलात आम्ही मालकाला विचारले होते, की ह्या आकारातले कामगारांपर्यंत किती पोचतात? हिशेबाची वही शेवटपर्यंत दाखवली गेली नाही. आकार बंद झाला तर पगार तेवढा वाढला पाहिजे, एरवी न्याय एकाच टेबलाला मिळाला असे होईल. हे अशक्य नाही. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने २०१९ साली रोजची बक्षिसी वेगळी आकारणे बंद करून ती भाड्यातच धरली.

वरखर्च खालच्या डेकवरही आहे. बोटीवर नोकरी लावून देतो म्हणून दलाल पोरांकडून मोठ्या रकमा उकळतात. घरचे दागिने गहाण पडतात. त्याच सागरी श्रम कराराप्रमाणे भरतीसाठी खलाशाकडून शुल्क घेता येत नाही. पासपोर्ट, खलाशी-पुस्तिका आणि वैद्यकीय दाखला एवढाच खर्च त्याच्या माथी येऊ शकतो. भरती करणाऱ्याजवळ नौवहन महानिदेशालयाचा परवाना लागतो, आणि तो आहे की नाही हे पैसे मोजण्यापूर्वी पाहता येते.

तेव्हा तिकीट काढताना सहल-कंपनीच्या कचेरीत सरळ विचारावे, की कर, बंदर-आकार आणि बक्षिसी धरून चौघांचे एकूण किती, आणि तो आकडा लिहून घ्यावा. मग तो परवडतो का ते ठरवावे. परवडत नसेल तर खिडकी नसलेली आतली खोली घ्यावी, पेयांचा करार सोडावा, एक रात्र कमी करावी. कापायला पुष्कळ जागा आहेत. बोटीवर गेल्यावर रोज रात्री खोलीतल्या टीव्हीवर किंवा फोनवर खाते पाहावे आणि चुकीची नोंद त्याच रात्री काउंटरवर दाखवावी. शेवटच्या सकाळी तिथे रांग लागलेली असते आणि खाली धक्क्यावर सामान उतरत असते.