नऊ थरांपासून दहा थरांपर्यंत : मोबाईलच्या छायाचित्रणाचा मागोवा

१० ऑगस्ट २०१२ रोजी जोगेश्वरीच्या जय जवान गोविंदा पथकाने ठाण्यात नऊ थर रचले आणि १३.३४ मीटर उंचीचा तो मनोरा गिनीजच्या दफ्तरी दाखल झाला. १६ ऑगस्ट २०२५ रोजी ठाण्यातीलच वर्तकनगरच्या संस्कृती युवा प्रतिष्ठानच्या उत्सवात कोकणनगर गोविंदा पथकाने दहावा थर चढविला. या दोन गोपाळकाल्यांच्या दरम्यान, मैदानात माना उंचावून उभ्या राहणाऱ्या प्रेक्षकांच्या हातांतील मोबाईलच्या कॅमेऱ्यातही आमूलाग्र स्थित्यंतर घडले, आणि ज्या उत्सवाच्या चांगल्या चित्रांसाठी पूर्वी वृत्तपत्राच्या छायाचित्रकारावर विसंबावे लागे, त्याची सामान्य रहिवाशाने टिपलेली चित्रेही जतन करण्याच्या योग्यतेची झाली. या प्रगतीत यंत्राचा वाटा किती आणि ते धरणाऱ्या हाताचा किती, याचा हिशेब आता मांडता येण्याजोगा आहे.

प्रारंभी गुणवत्तेचे माप एकच मानले जाई, ते मेगापिक्सेलचे, म्हणजे चित्रातील बिंदूंच्या संख्येचे. २००० साली जपानात आलेल्या शार्पच्या जे-एसएच०४ या फोनचा कॅमेरा अवघ्या एक लाख दहा हजार बिंदूंचा होता. २००३ मध्ये निघालेल्या आणि आपल्याकडे पुष्कळांच्या हाती दिसलेल्या नोकिया ६६०० चा सुमारे तीन लाखांचा. आणि २०१२ पर्यंत नामांकित फोन ऐंशी लाखांवर पोहोचले होते. तरीही त्या वर्षांतील चित्रे आज उघडून पाहिली, तर आभाळ पांढरेफटक, थरांवरचे चेहरे काळवंडलेले, सर्वांत वरचा बालगोविंदा ठिपक्याएवढा, आणि बोटांनी मोठा करू जावे तर फोटो फुटतो, असाच बहुधा अनुभव येतो. याचे कारण बिंदूंच्या टंचाईत नव्हते. रोलच्या कॅमेऱ्यातील फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटर असे. त्या काळच्या चांगल्या फोनमधील प्रकाश टिपणारा सेन्सर सुमारे साडेचार बाय साडेतीन मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळाने पन्नासाव्या हिश्श्याहूनही लहान. पागोळ्यांखाली घंगाळाऐवजी वाटी ठेवली, तर तिचे कितीही कप्पे केले म्हणून साठणारे पाणी वाढत नाही. प्रकाशाचेही तसेच आहे.

या मर्यादेवर दोन दिशांनी तोडगा निघाला. २०१२ मध्येच नोकिया ८०८ प्युअरव्ह्यूने चार कोटी दहा लाख बिंदूंचा मोठा सेन्सर बसवून, सुमारे सात बिंदूंचा प्रकाश एकवटून एक निर्मळ बिंदू घडविण्याची तजवीज केली. २०१८ नंतर चार कोटी ऐंशी लाख बिंदूंचे सेन्सर मध्यम किमतीच्या फोनांतही आले, आणि त्यांतूनही चार बिंदू मिळून एक, या हिशेबाने एरवी एक कोटी वीस लाखांचेच चित्र निघू लागले. दुसरा तोडगा गणिताचा होता. गूगलने २०१३ पासून नेक्सस आणि २०१६ पासून पिक्सेल फोनांत रूढ केलेल्या एचडीआर-प्लस पद्धतीत, मुद्दाम किंचित गडद ठेवलेली अनेक चित्रे क्षणार्धात घेऊन, ती एकमेकांवर बिनचूक जुळवून त्यांची सरासरी काढली जाते. त्यामुळे प्रत्येक चित्रातील दाणे विरून जातात आणि ढगांची छटा व छायेतील चेहरा ही दोन्ही एकाच चित्रात सुखाने नांदतात. नोव्हेंबर २०१८ मधील नाइट साइटने हीच रीत रात्रीच्या अंधुक उजेडापर्यंत नेली.

परंतु गोविंदांचे थर हे या गणिताची परीक्षा पाहणारे दृश्य आहे. खालच्या खांद्यांना कंप सुटलेला असतो, वरचा मुलगा पाय रोवून हळूहळू उठत असतो, बाजूंनी पाण्याचे फवारे उडत असतात; अशा वेळी उजेड अपुरा असला तर उत्तम फोनचाही फोटो हलतो, आणि रात्रीची पद्धत तर स्थिर वस्तूंसाठीच खरी. येथून पुढचे काम माणसाचे. खिशातून काढलेल्या फोनच्या भिंगावर बोटाचा तेलकट ठसा असतोच, त्यात फवाऱ्याचा थेंब पडला की प्रत्येक दिव्याभोवती धुरकट वलय उमटते. म्हणून कोरड्या सुती रुमालाने काच पुसणे हा पहिला नियम. दुसरा, प्रकाश आपल्या पाठीशी येईल अशी मैदानाची बाजू अगोदरच हेरून ठेवणे. तिसरा, पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट दाबून ठेवून फोकस व उजेड कायम करणे, आणि आभाळ फारच उजळ दिसत असल्यास बोट खाली सरकवून उजेड जरा कमी करणे. चौथा, दूरचे भिंग फोनमध्ये स्वतंत्र नसेल तर चिमटीने झूम न करता मुख्य भिंगानेच टिपणे आणि चौकट नंतर कापणे. पाचवा, हंडीला हात लागण्याची वाट न पाहता त्याआधीच सलग चित्रे घेऊ लागणे. यांपैकी एकाही नियमाला नव्या खरेदीची गरज नाही.

या तेरा वर्षांचा आणखी एक धडा जतनासंबंधीचा आहे. असंख्य चित्रे आज व्हॉट्सॲपवरून आलेल्या आक्रसलेल्या प्रतींच्या रूपानेच उरली आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये तेथे एचडीचा पर्याय आला, तरी मूळ चित्र पोहोचवायचे तर ते डॉक्युमेंट म्हणून पाठवावे आणि आपल्याजवळची मूळ प्रत तारखेनिशी निराळी ठेवावी, हेच श्रेयस्कर. वर्तकनगरात म्हाडाच्या जुन्या इमारतींच्या जागी पुनर्विकासाचे उंच मनोरे उभे राहत असताना, थरांच्या मागे सहज आलेली एखादी गच्ची, एखादा जिना, एखादी दुकानाची पाटी हाही उद्याचा दस्तऐवज ठरणार आहे. कॅमेरा पुढेही सुधारत राहील. मात्र प्रकाशाची दिशा ओळखण्याची सवय ज्याने आज लावून घेतली, त्याला त्या सुधारणेसाठी थांबावे लागत नाही, आणि मूळ प्रती ज्याने नेटाने सांभाळल्या, त्याच्याच घरी हा काळ पुढच्या पिढीला स्पष्ट दिसेल असा शिल्लक राहील.