पोचा दिसत नाही, पण थर सुटलेले असतात!
ॲल्युमिनियमच्या विमानावर हातातला पाना पडला तर पोचा येतो, लगेच दिसतो. कार्बन फायबरचं तसं नाही. बोइंग ७८७ च्या सांगाड्याच्या वजनात सुमारे ५० टक्के कंपोझिट आहे, म्हणजे इपॉक्सीने चिकटवलेले मुख्यतः कार्बन धाग्यांचे थर. मार बसला की वरून सगळं ठीक दिसतं. आत मात्र इपॉक्सीला तडे जातात आणि थर सुटतात. खेचल्यावर असा भाग बऱ्यापैकी टिकतो, खरा धोका दाबाखाली. सुटे पातळ थर वाकून फुगतात.

तपासायची जुनी पद्धत मला फार आवडते. मडकं वाजवून घेतो तसं नाण्याने हलकेच ठोकायचं. खणखणीत वाजलं तर बरं, बद्द वाजलं की अल्ट्रासाउंड. मात्र खोलवरचे बारीक दोष कानाला कळत नाहीत. म्हणून कंपोझिटवर काही आपटलं, तर ओरखडा नसला तरी कळवा.