प्लॉट घेण्यापूर्वी तलावाची हद्द पाहा



पाडवा-दसऱ्याला नवीन जागेचा बयाणा देण्याची आपल्याकडे हौस असते. सध्या आपल्यापैकी अनेक कुटुंबे हैदराबादच्या आसपास दीडशे-दोनशे गजांचा प्लॉट शोधत आहेत. “बँक कर्ज देते आहे, म्हणजे सगळे ठीकच असणार,” हे वाक्य आम्ही नोकरीत असंख्य वेळा ऐकले. बँकेचा वकील मुख्यतः मालकी आणि बोजा तपासतो. पाणी कुठवर चढते, हे ईसीमध्ये लिहिलेले नसते.

आपल्या शहरातील तलाव साखळीसारखे जोडलेले आहेत. एक भरला की त्याचे पाणी नाल्याने पुढच्या तलावात जाते. तलाव काठोकाठ भरल्यावर पाणी जिथवर पोहोचते, ती रेषा म्हणजे एफटीएल. उन्हाळ्यात आतली जमीन कोरडी दिसते. काही ठिकाणी ती खाजगी पट्ट्याचीही असते. म्हणजे मालकी स्वच्छ असूनही तिथे घर बांधता येत नाही. खरी फसगत इथेच होते.

2012 च्या इमारत नियमांप्रमाणे एफटीएलच्या आत बांधकामास मनाई आहे. शिवाय 10 हेक्टर व त्याहून मोठ्या तलावाभोवती 30 मीटर, तर लहान तलाव व कुंट्यांभोवती 9 मीटर जागा मोकळी सोडावी लागते.

उस्मानसागर आणि हिमायतसागर यांचा प्रश्न याहून मोठा आहे. 1908 च्या मुसी नदीच्या महापुरानंतर हे जलाशय बांधले गेले. त्यांच्या पाणलोटासाठी 8 मार्च 1996 रोजी जी.ओ. 111 निघाला. त्याने 10 किलोमीटरच्या परिसरात, 84 गावांत, वसाहती व प्रदूषणकारी कारखान्यांवर बंधने घातली. एप्रिल 2022 मध्ये जी.ओ. 69 काढून सरकारने ही बंधने सशर्त उठवली. म्हणून “आता सगळे मोकळे झाले” या एजंटच्या शब्दावर न जाता आजची स्थिती एचएमडीएकडून लेखी घ्यावी.

बयाण्यापूर्वी एवढे करावे:

1. सर्व्हे नंबर गावनकाशावर आणि एचएमडीएच्या तलाव-नकाशावर पडताळावा.
2. ले-आउटची मंजुरी आणि रेरा नोंदणी स्वतः तपासावी.
3. जवळ तलाव किंवा नाला असल्यास पाटबंधारे व महसूल खात्याच्या ना-हरकत पत्राची प्रत मागावी.
4. भर पावसात जागेवर एक चक्कर मारावी, शेजारच्या गावकऱ्यांना विचारावे.

2024 मध्ये स्थापन झालेल्या हायड्राने तलावांतील बांधकामे पाडली, हे आपण पाहिले. घर पडले तरी कर्ज फिटत नाही, हप्ते चालूच राहतात. निवृत्तीची पुंजी गुंतवण्याआधी या चार गोष्टींसाठी आठवडाभर गेला तरी चालेल. कागद समजून घेताना अडचण आली तर निःसंकोच विचारावे, आम्ही सोबत बसून पाहू.