दुखऱ्या अंगाला हात लावताना
लेखमाला : जुनाट दुखण्यांची ओळख – भाग 7

सोयाबीनची सोंगणी आटोपली की वाशीम जिल्ह्यात घरोघरी तेल गरम होतं. मानोरा असो, मालेगाव असो की रिसोड, दिवसभर कमरेत वाकून विळा चालवलेल्या बाईची पाठ सासू, जाऊ किंवा लेक चोळून देते. चार दिवसांत अंग मोकळं होतं आणि हरभऱ्याच्या पेरणीची घाई सुरू होते.

काहींचं अंग मात्र मोकळं होतच नाही. हंगाम सरून महिने उलटले तरी मान, खांदे, कंबर, मांड्या ठणकत राहतात. रात्रभर झोपूनही सकाळी थकवा तसाच असतो. रक्त तपासलं, एक्स-रे काढला, सगळं ‘नॉर्मल’. मग घरात कुजबुज सुरू होते, हिला कामाचा कंटाळा आहे. बाई गप्प बसते आणि दुखणं अंगावर काढते.

शरीराच्या पाचपैकी किमान चार भागांत पसरलेलं असं दुखणं तीन महिने टिकलं, जोडीला थकवा, अपुरी झोप आणि विसरभोळेपणा असला, तर डॉक्टर फायब्रोमायल्जियाचा विचार करतात. जगभरात साधारण शंभरातल्या दोन ते चार जणांना तो असतो, बायकांमध्ये अधिक. खेड्यातलं दुखणं मोजण्याचा मोठा प्रयत्न महाराष्ट्रातच झाला होता. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोपडा यांनी 1996 साली भिगवण गावात घरोघरी पाहणी सुरू केली. तेव्हा सुमारे 18 टक्के प्रौढांनी हाडा-स्नायूंच्या दुखण्याची तक्रार सांगितली. त्यातल्या अनेकांच्या सांध्यांत बिघाड नव्हता, दुखणं स्नायू आणि आसपासच्या मऊ भागांचं होतं.

फायब्रोमायल्जिया ओळखण्यासाठी 1990 च्या निकषांत अंगावरच्या 18 ठरावीक जागा सुमारे चार किलोच्या दाबाने दाबून पाहत. त्यातल्या 11 दुखल्या तर निदान पक्कं धरत. 2010 पासून या मोजणीऐवजी दुखणं कुठं-कुठं आहे आणि इतर लक्षणं किती तीव्र आहेत, हे विचारलं जातं. तरी मालिश करणाऱ्याने त्या जुन्या तपासणीतून एक गोष्ट घ्यावी. निरोगी माणसाला जो नुसता दाब वाटतो, तोच या रुग्णाला वेदना म्हणून जाणवतो.

रोही आणि रानडुकरं येऊ नयेत म्हणून शेताभोवती झटका मशीन लावतात, त्यासारखंच हे आहे. तार फार संवेदनशील झाली की ओलं गवत टेकलं तरी भोंगा वाजतो. जनावर आलेलं नसतं, पण भोंगा खरा वाजलेला असतो. या रुग्णाच्या मेंदूत आणि मज्जारज्जूत वेदनेचे संदेश असेच वाढून पोहोचतात. दुखणं मनाचं खूळ नसतं, आणि स्नायूत फोडून काढण्यासारखी गाठही नसते.

नेमकी इथंच आपली मालिशची रीत चुकते. ‘जोर लावल्याशिवाय वात निघत नाही’ असं म्हणत कोपराने रगडतात, लहान पोराला पाठीवर चालवतात. धडधाकट माणसाला त्यानं बरं वाटतं. फायब्रोमायल्जियाची बाई मात्र दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठू शकत नाही.

मग मालिश करावी की नाही? 2014 साली चिनी संशोधकांनी 404 रुग्णांवरच्या नऊ चाचण्या एकत्र तपासल्या. किमान पाच आठवडे चाललेल्या मालिशने वेदना, चिंता आणि उदासी कमी झाल्याचं त्यांना दिसलं. मात्र 2016 साली युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने उपलब्ध पुरावा तोकडा ठरवून मालिशची शिफारस केली नाही. त्यांनी ठाम शिफारस केली ती फक्त व्यायामाची. दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या की मालिशची जागा कळते. तिने आजार बरा होत नाही. पण अंग थोडं सैल झालं, झोप लागली, तर बाई चालायला बाहेर पडू शकते, आणि खरा फायदा त्या चालण्यातून होतो.

हात लावण्याआधी विचारावं : आज कुठं जास्त दुखतं? कुठं स्पर्शही नको वाटतो? शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे असह्य, असं धरून दाब किती वाटतो हे मधूनमधून विचारत राहावं. उत्तर चारच्या पुढं गेलं की हात हलका करावा. काहींना तळवा फिरवलेला सोसत नाही, पण एका जागी स्थिर ठेवलेला चालतो. पालथं झोपणं जड जात असेल तर कुशीवर झोपवावं. तेल तिळाचं असो की करडईचं, कोमट असावं आणि खोलीत गारवा नसावा. पहिल्या वेळी पंधरा-वीस मिनिटं पुरेत. दुसऱ्या दिवशी अंग जास्त ठणकलं तर ती मालिश लागू पडल्याची खूण समजू नये. दाब जास्त झाला होता, पुढच्या वेळी तो आणि वेळ दोन्ही कमी करावेत. ताप असेल, एकच पोटरी सुजून लाल झाली असेल, कातडीवर जखम असेल, तर मालिश टाळावी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा हाडं ठिसूळ असतील तर आधी डॉक्टरांना विचारावं.

निदान घरी होत नाही. थायरॉइडची कमतरता, रक्तक्षय, आमवात, चिकुनगुनियानंतर रेंगाळलेली सांधेदुखी यांतही अंग असंच ठणकतं आणि त्यांचे उपचार वेगळे आहेत. म्हणून आधी तपासणी हवी. जिल्हा सामान्य रुग्णालय वाशीमला आहे, 2024 पासून तिथं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं आहे. गावातून निघणं जमत नसेल तर जवळच्या आरोग्य केंद्रातून ई-संजीवनीवर डॉक्टरांशी बोलता येतं.

घरातल्या माणसांना एवढीच विनंती : तपासण्या ‘नॉर्मल’ आल्या म्हणून तिच्या दुखण्यावर शंका घेऊ नका. तेलाची वाटी घेऊन बसाल तेव्हा किती दाबायचं हे तिला ठरवू द्या, आणि ती ‘बस’ म्हणाली की थांबा.

(पुढील भागात : दुखऱ्या अंगाने चालायला सुरुवात कशी करावी)